उन्हाळ्यात तब्येत आणि त्वचा : काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक, चुकतो तो क्रम

पन्हं प्या, सुती कपडे घाला, डोकं झाका. उन्हाळ्यात काय करावं याची यादी विदर्भातलं शाळकरी पोरगंही घडाघडा म्हणून दाखवेल. तरी दर एप्रिल-मेमध्ये ओळखीतल्या चार-दोघांना ऊन लागतंच, कुणाच्या मानेवर घामोळ्यांचं शेत उगवतं, कुणाचा नायटा मांडीवरून पोटापर्यंत चढतो. नीट चौकशी केली की कळतं, गोष्ट केलेली असते, पण उशिरा किंवा उलटी. पाणी प्यायलं, पण डोकं ठणकायला लागल्यावर. सनस्क्रीन लावलं, पण गाडी सुरू करता करता. कूलर लावला, पण दारं-खिडक्या घट्ट बंद करून. दवाखान्यात नेलं, पण वाटेत अंगावर तांब्याभर पाणी न ओतता.

म्हणून इथे सगळं क्रमाने दिलंय. डोळ्यांसमोर नागपूर, अकोला, चंद्रपूरकडचं कोरडं ऊन आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलंय. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे आपल्या डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून घ्यावं. खाली दिलेली प्रमाणं धडधाकट माणसासाठी आहेत.

## टप्पा १ : पारा चढायच्या आधीची तयारी

होळी झाली की ही कामं उरका. एप्रिलच्या मध्यावर कूलरवाला फोन उचलत नाही, हा अनुभव कुणाला नाही?

कूलर. जुन्या ताट्या, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्या, काढून टाका. त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर त्यातून हवा जात नाही, नुसता आवाज येतो. टाकी घासून धुवा, पंप वेगळा चालवून बघा. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम : वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की शॉक जीवावर बेततो आणि दर उन्हाळ्यात तशा बातम्या येतात. घरात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या वर्षी बसवाच.

> सावधान : कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. मुलांना कूलरच्या जाळीला हात लावू द्यायचा नाही.

औषधं. घरातल्या सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी उन्हाचा त्रास वाढू शकतो. मुरमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा उन्हाने लवकर करपते. आपल्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका, फक्त विचारा. इन्सुलिन न उघडलेलं असेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण फ्रीजरला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेली पेन साधारण २५ ते ३० अंशांखाली ठेवायची असते आणि मेमध्ये आपल्याकडे रात्रीची खोलीसुद्धा त्याहून गरम असते. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर डबा ठेवण्याची जुनी युक्ती खरंच चालते.

खरेदी. ओआरएसची दहा पाकिटं, रुंद काठाची टोपी, दोन जाड विणीचे दुपट्टे, ‘यूव्ही ४००’ लिहिलेला गॉगल आणि सनस्क्रीन. सनस्क्रीन घेताना दोनच गोष्टी बघा : एसपीएफ ३० किंवा ५० आणि पुढे पीए+++ अशा खुणा. एसपीएफ हा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा हिशोब, तर पीए हा काळवंडवणाऱ्या, आत शिरणाऱ्या यूव्हीए किरणांचा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० अडवतं ९८ टक्के. म्हणजे १०० एसपीएफसाठी दुप्पट पैसे मोजण्यात शहाणपण नाही, तेच पैसे जास्त क्रीम वापरण्यात घाला.

> तपासा : दुपट्टा खिडकीशी उजेडात धरा. आपल्या हाताची बोटं पलीकडून स्पष्ट दिसली तर तो ऊन अडवत नाही, नुसती धूळ अडवतो.

ही तपासणी मी घरातल्या सगळ्या दुपट्ट्यांवर करून पाहिली. सहा धुतलेल्या, मऊ, पांढऱ्या दुपट्ट्यांतून खिडकीचे गज मोजता येत होते. सातवा, एका लग्नात अहेर म्हणून आलेला, गडद निळा आणि खरखरीत म्हणून कपाटात मागे पडलेला. त्यातून काहीच दिसलं नाही. तेव्हापासून तोच गाडीच्या हँडलला असतो. पांढरा रंग उष्णता परत फेकतो हे खरं, पण पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात आणि कापड घामाने ओलं झालं की आणखी येतात. घट्ट वीण आणि गडद रंग त्वचेसाठी जास्त कामाचा. पांढराच वापरायचा असेल तर दुहेरी घडी घाला.

## टप्पा २ : शरीराला दोन आठवडे द्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. उन्हाची सवय ही बोलायची गोष्ट नाही, ती शरीरात घडते : घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. वर्षभर एसीत बसून मेमध्ये गावच्या लग्नाला आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा वरातीत चक्कर येऊन पडतो आणि शेजारी हलगी वाजवणारा तासभर तसाच उभा असतो, त्याचं कारण हेच.

कष्टाचं काम करणाऱ्यांसाठी सोपा हिशोब असा : नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम करावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. घरी बांधकाम, रंगकाम चालू असेल, कुणी मजूर नवा आला असेल किंवा आठ-दहा दिवसांची सुट्टी घेऊन परतला असेल, तर त्यालाही हाच नियम लावा. सवय आठवड्याभराच्या सुट्टीतही उतरायला लागते.

बाकीच्यांनी रोज सकाळी किंवा संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालावं, घाम येऊ द्यावा. कारण नसताना भर दुपारी उन्हात उभं राहून ‘सवय’ करायची नाही.

## टप्पा ३ : निघायची वेळ ठरवा

इथे एक गफलत हमखास होते. त्वचेला जाळणारं ऊन आणि शरीराला तापवणारी हवा यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

अतिनील किरण सूर्य डोक्यावर असताना सर्वांत तीव्र असतात. मेमध्ये नागपुरात ती वेळ १२ वाजून १०-१५ मिनिटांच्या आसपास येते, मुंबईत साडेबाराच्या थोडं पुढे. हवा मात्र जमीन तापून तापून गरम होते, तिचा पारा दुपारी तीन-चारला टोक गाठतो. त्यामुळे सकाळी अकराला ‘अजून तेवढं तापलं नाही’ म्हणून उघड्या तोंडाने निघालेल्याची त्वचा करपते आणि संध्याकाळी पाचला ‘ऊन उतरलं’ म्हणून क्रिकेट खेळायला गेलेल्याचं अंग तापतं.

- त्वचेसाठी : १० ते ३ टाळा. घड्याळ नसेल तर सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत. मेच्या शेवटी नागपुरात एक दिवस भर दुपारी सावली पायाखालीच गायब होते, तो शून्य सावलीचा दिवस. नवतपाही, म्हणजे सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, त्याच सुमारास.
- शरीरासाठी : १२ ते ५ टाळा. कोरड्या भागात सहा वाजेपर्यंत थांबता आलं तर उत्तम.
- दोन्हींसाठी चांगली वेळ एकच, सकाळी नऊच्या आत. बाजार, गॅसचं काम, जमेल ते सगळं तिथे कोंबा.

हवामान खात्याचा आकडा वाचतानाही एक लक्षात ठेवा. तो सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. ४४ म्हटलं म्हणजे डांबरी रस्त्यावर, पत्र्याखाली, उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त.

> कोकण-मुंबईसाठी : आकडा ४० च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

## टप्पा ४ : निघण्याआधीचा पाऊण तास

क्रम असाच ठेवा. उलटा केला की अर्धा फायदा जातो.

१. आधी पाणी (४५ मिनिटं आधी). दोन पेले, सावकाश. निघताना उंबऱ्यात उभं राहून गटागटा प्यायलेलं पाणी पोटात डुचमळत राहतं.

> तपासा : लघवी फिकट पिवळी आहे का? गडद, मोहरीच्या तेलासारखी असेल तर आणखी एक-दोन पेले पिऊन मगच निघा. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग तसाही पिवळाधमक येतो, तेव्हा ही तपासणी चालत नाही.

२. थोडं खा. उपाशीपोटी निघू नका. भाकरी आणि ताक, किंवा ज्वारीची आंबील. तळलेलं, तेलकट नको.

३. मग सनस्क्रीन (२० मिनिटं आधी). तोंड धुवा, पुसा, त्वचा कोरडी असेल तर मॉइश्चरायझर आणि सगळ्यांत शेवटी सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जण वाटाण्याएवढं घेतात आणि मग ‘इतकं महागडं लावूनही काळी पडले’ म्हणून कंपनीला बोल लावतात. कान, मानेची मागची बाजू, हातांचे वरचे भाग आणि चपलेतून उघडी राहणारी पावलं, या चार जागा नेहमी सुटतात.

> तपासा : दिवसातून दोनदा चेहरा-मानेला लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपायला हवी. तुमची होळीला आणलेली ट्यूब पोळ्याला अजून निम्मी असेल तर तुम्ही लावत नाही आहात, नुसता वास घेताय.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना सनस्क्रीन लावू नका. त्यांना सावलीत ठेवा आणि सैल कपड्याने झाका.

४. शेवटी कपडे आणि दुपट्टा. सनस्क्रीन बसल्यावर बांधा, लगेच बांधलं की ते कापडच पिऊन टाकतं. दुपट्टा डोक्यावरून, कानांवरून, मानेमागे गाठ, मग हेल्मेट. नुसतं तोंड झाकून मान उघडी टाकणारे रस्त्यावर निम्म्याहून जास्त दिसतात आणि मानेवरचा तो काळा पट्टा दिवाळीपर्यंत जात नाही. घाम टिपणारा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. जीन्स घरी ठेवा, जांघेतल्या नायट्याचं ते माहेरघर.

एक चूक माझीच. सनस्क्रीनची ट्यूब मी दोन उन्हाळे स्कूटरच्या डिकीत ठेवत होतो, म्हणजे विसरायला नको. एका दुपारी झाकण उघडलं तर आधी पिवळसर पाणी आलं, मग रव्यासारखा दाणेदार गोळा. असं फुटलेलं सनस्क्रीन लावून उपयोग नाही. डिकीत तापणाऱ्या कुठल्याच औषधाचा भरवसा धरू नका, ओआरएस आणि गोळ्याही पिशवीत जवळ ठेवा.

## टप्पा ५ : बाहेर असताना

आमच्याकडे गच्चीचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्रींना म्हटलं, ‘भाऊ, मधेमधे पाणी घेत जा.’ ते हसून म्हणाले, ‘तहान लागली का पेतो ना जी.’ चूक नेमकी तिथेच आहे. उन्हात राबताना तहान मागून येते, तोवर अंगातलं बरंच पाणी गेलेलं असतं.

उन्हात काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २०० मिली. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि लोक त्याला आणखी पाणी पाजतात. घाम तासापेक्षा जास्त वेळ निथळत असेल तर पाण्याबरोबर मीठ हवंच : ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, कोकम सरबत. हे सगळं घरचं असावं. थंड पेयाची बाटली साखर देते, मीठ जवळजवळ नाही.

ओआरएस करताना होणाऱ्या चुका

ही इतकी साधी गोष्ट आणि इतकी चुकते की तिला जास्त जागा देतो.

- *अर्धं पाकीट, अर्धा लिटर.* अंदाज चुकतो. मोठं पाकीट म्हणजे एक लिटर, एकदम. साधारण चार ग्रॅमची छोटी पाकिटं २०० मिलीची असतात. पाकिटावर बघा, बाटली मोजून भरा.
- *पेलाभर पाण्यात मोठं पाकीट, ‘लवकर गुण यावा’ म्हणून.* हे धोक्याचं आहे, मुलांना तर फारच. इतकं दाट पाणी उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं.
- *वरून साखर, सरबत किंवा दूध घालणं.* नको.
- *सकाळचं ओआरएस दुसऱ्या दिवशी पिणं.* २४ तासांनंतर ओतून द्या.
- *खोक्यातलं गोड पेय ओआरएस समजून पाजणं.* जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, बरोबर पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. दुकानातल्या अनेक चवदार खोक्यांत साखर त्याच्या कितीतरी पट असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावातून ओआरएस हा शब्द काढायला लावला. तरी घेताना मागची बारीक अक्षरं वाचाच.

पाकीट नसेल तर घरी : उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघा. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर टाकून द्या, पुन्हा करा.

मधुमेह असेल तर रोजचं पेय म्हणून ओआरएस नको. मीठ-जिरं घातलेलं ताक बरं.

सनस्क्रीन पुन्हा. दर दोन तासांनी. घामावर चोपडू नका, आधी ओल्या रुमालाने टिपा, वाळू द्या, मग लावा. कामावर हे जमत नसेल तर हरकत नाही, दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांवर भर द्या. कापडाला दोन तासांनी पुन्हा लावायला लागत नाही.

रस्त्यावरचं खाणं-पिणं. रसवंतीवर बर्फाशिवाय रस मागा. बर्फाच्या लाद्या मासे आणि भाजी टिकवायला बनतात, त्याच फोडून ग्लासात पडतात. कापून ठेवलेलं टरबूज नको, आख्खं घरी न्या. उन्हाळ्यात जुलाब लागले की सकाळपासून कमावलेलं पाणी तासाभरात जातं.

> सावधान : उभ्या गाडीत मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं ‘दोन मिनिटांसाठी’सुद्धा ठेवू नका. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं.

## टप्पा ६ : घरी परतल्यावरचा पहिला अर्धा तास

सावलीत बसा, दुपट्टा-बूट काढा, पंखा लावा. मग पाणी. पाहुण्याला गूळ-पाणी देण्याची आपली रीत इथे नेमकी बसते. माठाचं पाणी हवं तितकं प्या, ‘उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये’ म्हणून पोरांना तहानलेलं बसवू नका. फक्त घोट घोट.

दहा-पंधरा मिनिटांनी अंघोळ, साध्या पाण्याने. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी उकळीला आलेलं असतं, म्हणून सकाळीच दोन बादल्या भरून ठेवा. साबण दिवसातून एकदा, तोही काख, जांघ, पाय एवढ्यापुरता. दिवसातून तीनदा साबण घासला की त्वचा कोरडी पडून खाजते. अंग पुसताना जांघा, काखा, स्तनांखालची जागा आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने टिपून पूर्ण कोरड्या करा. घामाचे कपडे दाराच्या खिळ्याला टांगून संध्याकाळी तेच चढवणं बंद.

कूलर बरोबर चालवणं. कूलर हवा थंड करतो आणि ओली करतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी हातभर उघडी ठेवा. बंद खोलीत तासाभरात चादर चिकट होते, भिंतींना ओल येते, घाम वाळत नाही आणि मग लोक म्हणतात कूलर कामाचा नाही. मुंबईच्या दमट हवेत मात्र तो खरंच कामाचा नाही, तिथे पंखा आणि ओलं फडकं बरं.

नुसत्या पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा भट्टीतलं वारं अंगावर टाकतो. तेव्हा अंग ओलं करून मग पंख्याखाली बसा.

आठवड्यातून एक दिवस कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासा. नुसतं पाणी बदलून डेंग्यूच्या डासाची अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटलेली असतात. पाऊस पडला की कूलर विसरला जातो आणि खरे डास त्याच तळातल्या पाण्यात वाढतात.

## टप्पा ७ : त्वचेच्या तक्रारी, आणि त्यांवरचे उलटे उपाय

घामोळ्या. घामाच्या नळीचं तोंड बुजून घाम आतच अडकतो, म्हणून पुरळ आणि टोचणी. यावर पावडरचा थर मारणं म्हणजे बुजलेलं तोंड आणखी लिंपणं. उपाय क्रमाने : थंड जागा, सैल कपडे, गार पाण्याची पट्टी, कोरडं ठेवणं, खाज फार असेल तर कॅलामाइन. तेल, जाड क्रीम, व्हॅसलीन नको. पू धरला किंवा ताप आला तर डॉक्टर.

नायटा, गजकर्ण. गोल चट्टा, कडेला लाल, मध्ये साफ, रात्री खाज. इथे होणारी चूक सगळ्यांत महागात पडते. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागायची, आणि मिळते ती स्टेरॉइड मिसळलेली. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. पण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी आतल्या आत पसरते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेत पांढरे-गुलाबी कायमचे ओरखडे पडतात ते वेगळंच.

> तपासा : ट्यूबवरच्या नावांत क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही आहे का? असेल तर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

डॉक्टरांनी दिलेलं औषध डाग गेल्याबरोबर बंद करू नका, सांगितलेले दिवस पुरे करा. घरात दोघांना असेल तर दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत आणि टॉवेल वेगळे.

करपलेली त्वचा. लाली उन्हातून आल्यावर काही तासांनी दिसते, दुसऱ्या दिवशी जास्त. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, आणि पुढचे काही दिवस त्या भागाला ऊन नाही. टूथपेस्ट, सोडा, बर्फाचा खडा थेट, यातलं काहीही नको. मोठे फोड आले किंवा थंडी वाजून ताप आला तर दवाखाना.

काळवंडणं आणि वांग. टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीतली आणि रसातली द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा अक्षरशः भाजतात, सरबताच्या नादात हातावर लिंबाचे ओघळ राहिले तरी तसे काळे पट्टे उठतात. गालावर वांग असेल तर दिसणारा उजेडही तो वाढवतो, त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत छटेचं सनस्क्रीन जास्त उपयोगाचं. गोरं करणाऱ्या बिननावाच्या डब्या मात्र कचऱ्यात, त्यांतही बऱ्याचदा तेच स्टेरॉइड असतं.

## टप्पा ८ : ऊन लागलं तर

आधी एकच प्रश्न : माणूस नीट बोलतोय का? नाव, जागा, वार विचारा.

बरोबर उत्तरं देतोय, पण चक्कर, मळमळ, पायात गोळे, दरदरून घाम : सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंगावर ओलं फडकं, पंखा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलटी थांबेना तर दवाखाना.

बरळतोय, गोंधळलाय, झटके येतात, शुद्ध हरपलीय आणि अंग तव्यासारखं तापलंय : हा उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडंच हवं असं नाही, काम करता करता पडलेल्याला घामही असतो. घाम दिसतोय म्हणून थांबू नका.

1. एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने तेव्हाच पाणी ओतायला सुरुवात करायची. गाडीची वाट बघत नुसतं उभं राहू नका.
2. सावलीत ओढा, बाहेरचे कपडे काढा किंवा कापा.
3. बादली, पाइप, माठ, जे हाताशी असेल त्याने डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. नुसती कपाळावरची पट्टी पुरत नाही. शेतावर पडलेल्या तरण्याताठ्या माणसाला हौदात मानेपर्यंत बसवता आलं तर सर्वांत चांगलं, पण डोकं एकाने घट्ट धरून.
4. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत.
5. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, पाणीही नाही. एका कुशीवर वळवा.
6. गाडीत घातल्यावरही पाणी आणि वारा चालूच. रिक्षाची सीट भिजते, भिजू द्या.

पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतूंमुळे आलेला ताप नाही, गोळीने उतरत नाही, उलट आधीच त्रासलेल्या यकृतावर भार पडतो. तळपायाला कांदा चोळण्यातही वेळ घालवू नका. खिशात कांदा ठेवायची हौस असेल तर ठेवा, संध्याकाळी भाकरीबरोबर खाता येतो.

बरं होऊन घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर पाठवू नका. एकदा उष्माघात झालेलं शरीर बरेच दिवस ऊन झेलत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टप्पा २ पुन्हा पहिल्या दिवसापासून, पाचव्या हिश्श्याच्या कामाने सुरू करायचा.